हात फिरेल एवढी जागा

१२ नोव्हेंबर २०१८

हिमांशू आज सकाळी पुण्याला परत गेला. पाया पडून झाल्यावर दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "आई, मी बाबांचं नाव नोंदवून ठेवलंय. फेब्रुवारीत जागा रिकामी होईल." मी त्याच्या डब्यात चकल्या भरत होते, त्या भरतच राहिले.

नरकचतुर्दशीला त्याने बाबांना आंघोळ घालायचा प्रयत्न केला होता. शॉवर सुरू झाल्याबरोबर श्रीरंग ओरडले, त्याला ढकलून म्हणाले, कोण आहेस तू. हिमांशू भिजलेला बाहेर आला आणि कितीतरी वेळ टॉवेल तोंडावर धरून बसला. दसऱ्यापासून श्रीरंगच्या अंगाला पाणी नाही. मी ओल्या फडक्याने पुसते तेवढंच. काखेत पुरळ उठलंय. फॅक्टरीतून आल्यावर आंघोळीशिवाय चहासुद्धा न घेणारा हा माणूस, आणि आता त्यांच्या खोलीत शिरताना मला श्वास धरावा लागतो. हे लिहितानाही लाज वाटते.

पुण्याच्या त्या वृद्धांच्या केंद्रात नर्स आहेत, बाग आहे, सगळं आहे म्हणे. मी हिमांशूला म्हटलं, संक्रांतीपर्यंत थांब. तोवर ते स्वच्छ आणि शांत दिसले तर इथेच राहू देत. तो बरं म्हणाला. लहानपणी परीक्षा चांगली गेली का असं विचारल्यावर म्हणायचा, तसंच.

१५ नोव्हेंबर

आज माळ्यावरून बंब काढला. दौलताबादच्या घरचा, तांब्याचा, सासूबाईंच्या हातचा. का काढला ते मला सांगता येणार नाही. साळूबाई भांडी घासता घासता म्हणाली, "साहेबास्नी गिझरचं पाणी पटत नसंल, बाई. म्हातारी माणसं चुलीच्या पाण्याची." तेवढंच निमित्त.

तिने चिंच-मीठ लावून तो घासला. अंगणात उन्हात ठेवला तेव्हा श्रीरंग खोलीतून आपणहून बाहेर आले. बंबाला बोटाने टकटक करून पाहिलं, खाली वाकून जाळीत डोकावले आणि म्हणाले, "बंबफोड आणली का?"

पूर्ण वाक्य, तेही अगदी बरोबर. मी पळत जाऊन कोपऱ्यावरून लाकडं आणली. रस्ता रुंद करताना पाडलेले कडुलिंब तिथे महिनाभर पडून आहेत, लोक हवं तेवढं फोडून नेतात. बंब पेटला, नळीतून धूर निघाला. श्रीरंग शेजारी पाटावर बसून जाळाकडे बघत राहिले आणि पाणी कढल्यावर त्यांनी स्वतःच सदरा काढला.

मी पाठ चोळत होते. साळूबाई उगाचच तुळशीपाशी झाडत राहिली.

१८ नोव्हेंबर

मागच्या नव्या इमारतीतले एक गृहस्थ आले होते. भला माणूस. हात जोडूनच बोलले. धूर सरळ त्यांच्या खिडकीत जातो आणि त्यांच्या नातीला दमा आहे. आम्ही पुंडलिकनगरात घर बांधलं तेव्हा मागे ज्वारीचं शेत होतं. आता त्यांच्या गॅलऱ्या आमच्या अंगणावर झुकल्या आहेत, कपडे वाळत घातले की पाणी आमच्या डोक्यावर पडतं.

त्यामुळे अंगणात बंब नाही. श्रीरंगच्या खोलीतच मोरी आहे, तिथे बंब ठेवून नळी छतातून वर काढायची आणि चांगली उंच न्यायची असं ठरवलं. ही मागची खोली हिमांशूने दोन वर्षांपूर्वी बांधून घेतली, उन्हाळा सोसत नाही म्हणून. भिंती आणि छत पॅनलचं, म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये थर्माकोल. एखाद्या मोठ्या फ्रीजमध्ये राहिल्यासारखं वाटतं. औरंगपुऱ्यातला मोतीराम पत्रेवाला बुधवारी येतो म्हणाला.

२१ नोव्हेंबर

आजचा दिवस मला जपून ठेवायचा आहे.

मोतीरामने स्टुलावर चढून नळीच्या मापाचं वर्तुळ काढलं आणि पत्रा कापायचं मशीन हातात घेतलं. श्रीरंग पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मशीनचा आवाज झाला मात्र, ते उठून बसले.

"थांबव ते."

हा आवाज मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. फॅक्टरीत बॉयलरवर होते तेव्हाचा. ते चालत आले, मोतीरामच्या हातातला खडू घेतला, स्टुलावर चढले. मी घाबरून कंबरेला धरलं. त्यांनी पहिल्या वर्तुळाबाहेर दुसरं, खूप मोठं वर्तुळ काढलं.

"एवढं काप. पत्र्याचं कडं बसव, म्हणजे थर्माकोल उघडा राहणार नाही. नळी मधोमध. नळी आणि कडं यांच्यात सगळीकडून माझा हात फिरला पाहिजे. तिथे काही भरायचं नाही, हवा खेळू द्यायची."

मोतीराम म्हणाला, "साहेब, पावसाचं पाणी येईल की."

"वर टोपी घाल. पाऊस कुठाय?" आणि हसले. मोतीरामही हसला. "खरंय साहेब. दोन साल झाले, पावसानंच टोपी घातलीय आपल्याला."

मग ते बरंच काही सांगत राहिले, नळी किती तापते, आतलं आत कसं जळत जातं आणि बाहेरून कळत नाही. मला त्यातलं फारसं समजलं नाही. मी त्यांचा आवाज ऐकत होते. मुलगी पाहायला आले तेव्हा त्यांनी माझ्या वडिलांना असंच बॉयलर समजावून सांगितलं होतं, आणि कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी पडद्याआडून तेव्हाही फक्त आवाजच ऐकला होता.

संध्याकाळपर्यंत काम झालं. नळीभोवती आकाशाची एक गोल पट्टी दिसते. मोतीराम गेल्यावर श्रीरंगनी विचारलं, हा माणूस कोण होता.

४ डिसेंबर

एक दिवसाआड आंघोळ. पुरळ गेलं. झोप लागते. हिमांशूला फोटो पाठवला, त्याने अंगठा पाठवला.

दर वेळी बंब पेटवायच्या आधी श्रीरंग स्टुलावर चढतात आणि नळीभोवती हात फिरवून येतात. मी कंबरेला धरते. छत बुटकं आहे म्हणून बरं. देवाभोवती प्रदक्षिणा घालावी तसा सावकाश हात फिरतो, मग म्हणतात, "ठीक आहे. पेटवा." साळूबाई म्हणते, साहेबांची पूजा झाली.

नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, तेही तासभर. बाकी टँकर. आंघोळीचं पाणी मी घमेल्यात धरून कढीपत्त्याला घालते.

२४ डिसेंबर

फार थंडी. इतकी थंडी मला शाळेच्या दिवसांनंतर आठवत नाही. नाताळच्या आदल्या दिवशी सिस्टर आम्हाला गव्हाणी सजवायला लावायच्या आणि बोटं गारठून पेंढा हातातून सुटायचा. आज त्या गव्हाणीतल्या बाळाची सारखी आठवण येत होती, कारण श्रीरंग आंघोळ करताना तसेच उघडे बसतात आणि वरच्या त्या गोल फटीतून थंड वारा थेट त्यांच्या ओल्या पाठीवर पडतो. परवापासून खोकतायत. डॉक्टरांनी बजावलंय, या वयात छातीत थंडी बसली तर कठीण होईल.

दौलताबादला चुलीचं धुराडं भिंतीतून जायचं, तिथेही फट होती. सासूबाई दर हिवाळ्यात ती चिंध्यांनी बुजवून वरून माती लिंपत. त्यांचीच गोधडी माझ्याकडे आहे, जुन्या लुगड्यांची, एका बाजूने विरलेली. ती बाजू कापली. चिंध्यांच्या सुरळ्या केल्या, ओल्या करून पट्टीने फटीत दाबून बसवल्या आणि खालून पांढरी माती लिंपली. साळूबाईने स्टूल धरलं. गादी शिवताना सिस्टर म्हणायच्या तसं, एक सुरकुती राहू दिली नाही.

श्रीरंगना भीती होती ती थर्माकोलला नळी लागायची. आता मध्ये एवढी जाड गोधडी आहे की लागायचा प्रश्नच नाही. त्यांच्याच आईची गोधडी. मला फार समाधान वाटलं. वारा अगदी बंद.

२७ डिसेंबर

बंब पेटवायच्या आधी ते चढले आणि हात अडकला. आधी नुसतेच बघत राहिले. मग नखांनी माती खरवडायला लागले, चिंध्या उपसून खाली फेकल्या. "कोणी केलं हे? कोणी केलं?" मी म्हटलं, अहो, तुम्हाला गार वारा लागतो म्हणून मी केलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कोणी परकीच.

ते झोपल्यावर मी सगळं परत बसवलं. साळूबाई म्हणाली, "राहू द्या की, बाई. साहेब नको म्हणत्यात."

"त्यांना काय कळतंय आता, साळूबाई," मी म्हणाले. म्हणाले आणि मलाच रडू आलं.

३ जानेवारी २०१९

पुन्हा काढलं. पुन्हा बसवलं. पलंगावर माती, केसांत माती. तीनदा झालं हे. मी डॉक्टरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, या आजारात असं होतं, कोणी गादीचे धागे ओढतं, कोणी भिंतीचा रंग खरवडतं. शांत राहायला सकाळची एक गोळी सांगितली आणि चढू देऊ नका म्हणाले, पडले तर खुबा जाईल.

म्हणून स्टूल मी स्वयंपाकघरात कुलूप लावून ठेवलं.

आता बंब पेटवायच्या आधी ते नळीखाली उभे राहतात, हात वर करतात आणि हवेतच गोल फिरवतात. मग माझ्याकडे बघतात. ठीक आहे असं म्हणत नाहीत. मी साळूबाईला खुणेने पेटव म्हणते. खोकला मात्र थांबला.

९ जानेवारी

खोलीत दोन दिवस एक वास येतोय. कोळशाच्या इस्त्रीखाली ओला कपडा धरल्यावर येतो तसा. शाळेच्या बोर्डिंगमध्ये शनिवारी असाच वास भरून राहायचा, आम्ही मुली गणवेश घेऊन रांगेत उभ्या, बाहेर गुलमोहर. मी डोळे मिटून क्षणभर तिथे जाऊन आले.

नळीभोवती छताचा पांढरा रंग पिवळट झालाय, पोळीएवढा. साळूबाईने काठीला फडकं बांधून पुसलं, गेलं नाही. मग पलंगावर उभी राहून हात लावून पाहिला आणि म्हणाली, "बाई, पत्रा चटकतुय." मी म्हटलं, बंब पेटलाय तर तापणारच. तरी मोतीरामला फोन केला. छत पिवळं पडलंय म्हटल्यावर तो म्हणाला, धूर लागला असेल, शेंद्र्याला मोठं काम चालू आहे, संक्रांत झाल्यावर येऊन रंग मारून देतो.

श्रीरंग आज जेवले नाहीत. ताट ढकललं आणि वर बोट दाखवत राहिले. वर देव आहे असं म्हणतायत असं मला वाटलं. मी हात जोडायला लावले, तर हात सोडवून घेतला.

१५ जानेवारी

हिमांशू काल रात्री अचानक आला. आज सकाळी बाबांची आंघोळ त्याने स्वतः पाहिली. मी मुद्दामच लांब राहिले. नंतर बाबांना पांढरा झब्बा घातला, केस विंचरले, आणि त्यांनी हिमांशूच्या हातावर तिळगूळ ठेवला. नाव घेतलं नाही, पण ठेवला. हिमांशूने वाकून त्यांच्या खांद्याला नाक लावलं. साबणाचा वास घेत होता. लहानपणी ते फॅक्टरीत निघताना असंच करायचा.

दुपारी ओटा पुसत असताना मागून येऊन म्हणाला, "राहू दे, आई. मी कळवतो त्यांना, जागा नको म्हणून."

मी ओटा पुसतच राहिले. किती वेळ पुसला कोण जाणे.

निघताना श्रीरंगनी त्याचा हात धरून त्याला खोलीत नेलं, नळीखाली उभं केलं, हात वर करून गोल फिरवला. एकदा, दोनदा. हिमांशूने मान हलवली, "हो बाबा, छान बसवलंय." त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं, मला तेवढंही नाही. पण श्रीरंगचा चेहरा असा पडला की मी म्हटलं, मुलगा जातोय हे कुठेतरी आत कळलं असेल.

आज मी पुण्याचा विचार न करता झोपणार.

२१ जानेवारी

दोन दिवस लिहिता आलं नाही.

शनिवारी सकाळी टँकर आला तेव्हा मी पुढच्या फाटकात पिंप भरत होते. गडबडीत गोळी द्यायची राहिली. बंब पेटला होता. आतून साळूबाईची हाक आली, मग पत्रा वाकल्यासारखा आवाज. मी धावले. खोलीत काळा धूर, आधी काहीच दिसेना. श्रीरंग पलंगावर खुर्ची ठेवून तिच्यावर उभे होते, एक हात छतात घातलेला, आणि तिथून पेटलेल्या चिंध्या ओढून ओढून खाली टाकत होते. छतातून जळते काळे थेंब गळत होते. गादी पेटली होती. मी ओरडले, अहो उतरा. त्यांनी ऐकलं नाही.

पिंपं तेवढी लांब फाटकात. टाकी रिकामी. साळूबाईने बंबाचीच तोटी सोडली, बादली भरली आणि कढत पाणी वर फेकलं, पुन्हा भरली, पुन्हा फेकली. मागच्या इमारतीतले लोक गॅलरीतून उतरून आले, त्यांनी पहार घालून छताचा तो तुकडा तोडून बाहेर ओढला. दमा असलेल्या मुलीचे आजोबाच सगळ्यांत पुढे होते.

श्रीरंगचा उजवा तळहात भाजलाय. बाकी देवाची कृपा म्हणायची. दवाखान्यात ते मुळीच रडले नाहीत.

२४ जानेवारी

हिमांशू आहे. शेजारच्यांनी धावत आत येताना पाहिलं ते त्यांनी त्याला सांगितलं, की वडील जळती चिंधी हातात घेऊन उभे होते. वाईट वाटून सांगितलं. डॉक्टरही म्हणाले की आता आगीशी खेळ सुरू झालाय, घरी ठेवणं धोक्याचं आहे, शेजाऱ्यांनाही.

साळूबाई मध्ये पडली. "साहेब काढीत व्हते, दादा. लावीत नव्हते." हिमांशू तिला म्हणाला, "मावशी, तुमची माया आहे, ठाऊक आहे मला."

मग मला विचारलं, बाबांना चिंध्या मिळाल्या कुठून. मी सांगितलं, त्या मी बसवल्या होत्या, थंडी लागू नये म्हणून. ते सारख्या काढून टाकायचे. तो डोळे मिटून म्हणाला, "म्हणजे तो नाद आधीपासूनच होता. आई, मला सांगायचं तरी."

दुपारी एकटी असताना मनात आलं, गोधडी आपोआप पेटली असेल का. पण ओली करून, माती लिंपून बसवलेली होती, आणि सासूबाईंनी जन्मभर तसंच केलं, त्यांची चूल कधी पेटली नाही. नाही, चुकलं ते वेगळंच. गोळी वेळेवर द्यायला हवी होती. स्टूल काढून ठेवलं तशी खुर्चीही काढायला हवी होती. टँकरला साळूबाईला पाठवून मी त्यांच्यापाशी बसायला हवं होतं. हेच रात्रंदिवस घोळतंय.

मोतीराम फोन उचलत नाही. आपल्यावर येईल असं वाटत असेल बिचाऱ्याला. मी कशाला त्याला बोल लावू?

मी श्रीरंगच्या शेजारी बसून विचारलं, अहो, का केलंत असं? त्यांनी बँडेजकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, "मी सांगितलं होतं." काय सांगितलं होतं, कोणाला, ते त्यांना आठवेना. मी पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी त्यांनीच माझा हात थोपटला.

२ फेब्रुवारी

पुण्याची जागा हिमांशूने रद्द केली होती, तरी केंद्रवाल्यांनी सोय केली. आज निघायचं.

बॅग मी भरली. चार झब्बे, टॉवेल, त्यांचा साबण, हिमांशूच्या मुंजीतला फोटो. उरलेली अर्धी गोधडी धुऊन, कापलेली कड दुमडून शिवली, बारीक टाक्यांनी, शाळेत शिकवलेल्या. ती वर ठेवली. साळूबाईने बंब घासून माळ्यावर चढवला आणि पदर तोंडात धरून घरी गेली, चहाला थांबली नाही.

गाडी फाटकात उभी होती. श्रीरंग दिसेनात. मागच्या खोलीत सापडले. छताचा तुकडा तोडलेला तसाच आहे, काळी नळी मोतीरामच्या पट्ट्यांवर कशीबशी उभी आहे, भोवती नुसतं आकाश. त्यांनी कुठूनतरी स्टूल आणलं होतं, कुलूप कोणी उघडं ठेवलं कोण जाणे, आणि ते त्यावर उभे होते. मी मागून जाऊन कंबरेला धरलं. त्यांनी बँडेज बांधलेला हात वर नेला आणि नळीभोवती फिरवला. कुठेच अडला नाही. पूर्ण फिरून आला. पुन्हा एकदा फिरवला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पेटवा."

मग खाली उतरले, मोरीतल्या पाटावर बसले, डाव्या हाताने झब्ब्याची बटणं सोडायला लागले. एक एक करून सगळी सोडली. झब्बा काढून माझ्याकडे दिला आणि बंब असायचा त्या रिकाम्या जागेकडे बघत, पाणी तापायची वाट बघत बसले.

बाहेर हिमांशूने हाक मारली. मी बॅगेतून गोधडी काढली आणि त्यांच्या उघड्या पाठीवर घातली, चारही बाजूंनी नीट खोचली. वरून फार वारा येत होता.